कॅसिनोची एक रात्र आणि पणजीतला मुक्काम : हॉटेल निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जोडपं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावचं. नवऱ्याचं ऑटो स्पेअर पार्टचं दुकान, बायको घर सांभाळून दुकानाच्या हिशेबाच्या वह्या बघते. दोघंही पंचेचाळीसच्या आसपास. नावं बदलली आहेत, इथे विजयराव आणि सुनीतावहिनी म्हणू. मी लहान प्रमाणावर लोकांच्या सहली आखून देतो, त्यामुळे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

लग्नाला २०२५च्या २४ नोव्हेंबरला वीस वर्षं होत होती. मुलं आजीकडे ठेवून दोघांनीच दोन रात्री कुठेतरी जायचं ठरलं. विजयरावांची इच्छा जुनी होती. आयुष्यात एकदा कॅसिनो बघायचा. महाराष्ट्रात त्याची सोय नाही. १९७६चा कॅसिनो कायदा इथे कागदावर होता खरा, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३मध्ये रद्दच झाला. गोव्यातही १९७६चाच जुगारविषयक कायदा आहे, पण तिथे पुढे दुरुस्त्या झाल्या आणि आजची मांडणी उभी राहिली: जमिनीवर पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरचे खेळ आणि टेबलावरचे खरे खेळ पाण्यावरच्या जहाजांत. म्हणून ज्याला रुलेट किंवा अंदर-बाहर टेबलावर बघायचंय त्याला पणजीला, मांडवीच्या काठाला यावंच लागतं.

वहिनींना कॅसिनोचं वावडं नव्हतं आणि कौतुकही नव्हतं. त्यांचं म्हणणं, ‘‘एक रात्र तुमची, बाकी वेळ माझा.’’ त्यांना पणजीतल्या मळा या जुन्या वस्तीतली घरं बघायची होती, मंगेशीला जायचं होतं, आणि दोन दिवस कुणी ‘आई, डबा’ म्हणून हाक मारू नये एवढीच अपेक्षा होती.

पैशाची मर्यादा त्यांनी स्वतःच घातली. चिप्स, म्हणजे कॅसिनोत पैशांऐवजी लावायच्या चकत्या, सोडून सगळं वीस हजारांत. चिप्सचे पाच हजार वेगळ्या पाकिटात, ते गेले तर गेले. गाडी घरची.

अडचण कुठे होती

विजयरावांनी माझ्याकडे येण्याआधी फोनवर हॉटेल जवळजवळ पक्कं केलं होतं. कळंगुटला पोहण्याचा तलाव, नाश्ता धरून रात्रीला २,४०० रुपये, फोटो झकास. त्यांचा प्रश्न एवढाच होता की भाव बरा आहे का.

भाव बराच होता. पण ‘गोव्यातला कॅसिनो’ या शब्दांत जागेचा एक घोटाळा लपलेला असतो. लोकांच्या डोक्यात गोवा म्हणजे कळंगुट-बागा, आणि कॅसिनोही तिथेच कुठेतरी. प्रत्यक्षात जहाजं पणजीत, दयानंद बांदोडकर मार्गाच्या कडेला, जुन्या सचिवालयापासून पश्चिमेकडे पसरलेल्या धक्क्यांसमोर उभी असतात. कळंगुटहून तो रस्ता पंधरा किलोमीटरच्या आसपास. दिवसा ही काहीच बाब नाही. मध्यरात्रीनंतर, आणि कॅसिनोच्या प्रवेशाच्या पॅकेजमध्ये दारू धरलेली असताना, हेच पंधरा किलोमीटर महाग होतात.

घरची गाडी आहे, म्हणाल तर. पण मग चालवणाऱ्याने ग्लासाला हात लावायचा नाही. विजयराव रोज पिणारे नाहीत, तरी ‘पैसे भरलेत तर दोन पेग घेणारच’ हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. वहिनींना गाडी येते, पण अनोळखी रस्त्यावर, रात्री, त्या चालवणार नव्हत्या. म्हणजे टॅक्सी. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. स्थानिक टॅक्सी किंवा गोवा माइल्ससारखं ॲप, हेच पर्याय. कळंगुटच्या टॅक्सीवाल्याने रात्री सोडून, थांबून परत आणण्याचे २,८०० सांगितले. रात्रीचा वेळ धरला तर त्यात मला फार काही वावगं वाटलं नाही.

मी त्यांना एकच गोष्ट विचारायला सांगितली: रात्री जहाजावरून उतरल्यावर खोलीच्या दारापर्यंत कसं जाणार? हॉटेल निवडताना सगळे येतानाचा रस्ता बघतात. कॅसिनोच्या गावात जातानाचा, म्हणजे परतीचा, रस्ता बघावा लागतो.

आधी तारीख, मग खोली

पहिला निर्णय हॉटेलचा नव्हताच. २४ नोव्हेंबरला सोमवार होता आणि इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २० ते २८ नोव्हेंबर. २००४पासून हा महोत्सव गोव्यात भरतो आणि त्याचा मुक्काम पणजीत, कंपालच्या कला अकादमीच्या आणि जुन्या मेडिकल कॉलेजच्या परिसरात. त्या आठवड्यात पणजीतल्या खोल्यांवर प्रतिनिधी, पत्रकार, सिनेमावेडे सगळ्यांचा डोळा असतो. एरवी ३,००० मागणाऱ्या एका घरगुती निवासाने त्या आठवड्यासाठी ५,५०० सांगितले. दुसऱ्याने खोलीच नाही म्हणून सांगितलं.

म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाचा दिवस धरून ठेवायचा तर पणजी सोडून बाहेर राहावं लागणार, आणि पणजीत राहायचं तर दिवस सोडावा लागणार. विजयराव तारखेला चिकटून होते. वहिनींनीच तोडगा काढला: चोवीस तारखेला घरी सासूबाईंच्या हातचं गोडाधोडाचं जेवण, आणि सहल नंतर. मला हा निर्णय सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्तात पडलेला वाटतो. एका दिवसाच्या हट्टाचे पाच हजार वाचले.

पण ‘नंतर’ म्हणजे कधी? ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, त्या दिवशी राज्याला सुट्टी, पणजी ते जुनं गोवं रस्ता माणसांनी भरलेला. ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त आणि त्याची जत्रा. इकडे ४ डिसेंबरला दत्तजयंती. विजयरावांकडे नृसिंहवाडीला जाणारे पाहुणे दरवर्षी उतरतात, त्या आधी घरी पोचणं भाग. दुकानाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. सगळं चाळून झाल्यावर एकच फट उरली: रविवार ३० नोव्हेंबर ते मंगळवार २ डिसेंबर.

पर्याय

कळंगुटचं हॉटेल आम्ही लगेच बाद केलं नाही. दोन रात्रींचे ४,८००, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५,०४०. टॅक्सी धरली की ७,८४०. तलाव आणि समुद्र जमेच्या बाजूला. पण वहिनींना समुद्रात उतरायचं नव्हतं, मळा आणि महालक्ष्मीचं देऊळ पणजीत, मंगेशी पणजीच्या पुढे. म्हणजे दोन्ही दिवस तीच गाडी पूल ओलांडून पलीकडे आणायची. तलावाच्या फोटोने त्यांना कळंगुटला नेलं होतं आणि त्या तलावात कोण उतरणार होतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मिरामारला ३,४०० रुपयांची खोली होती, कराने ७,१४० दोन रात्रींचे. किनारा दारात, आणि मला वैयक्तिकरीत्या मिरामारची संध्याकाळ कळंगुटपेक्षा आवडते. धक्क्यांपासून अंतर तीन किलोमीटरच्या आसपास. नकाशावर हे ‘पणजीतच’ दिसतं. रात्री बाराला मात्र ते ना पायी जाण्याजोगं, ना टॅक्सीवाल्याला परवडण्याजोगं. पिवळ्या मडगार्डचे मोटारसायकल पायलट दिवसा हवे तेवढे मिळतात, पण मध्यरात्री त्यांच्या भरवशावर राहू नये आणि दोघांना एका पायलटवर बसताही येत नाही.

पाटोला, कदंबा बसस्टँडच्या बाजूला, कामानिमित्त येणाऱ्यांसाठीची हॉटेलं आहेत. लिफ्ट, पार्किंग, चोवीस तास काउंटर. दर ४,२००, दोन रात्रींचे करासह ८,८२०. सोयीच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नव्हती. वहिनींची प्रतिक्रिया मात्र सरळ होती: ‘‘हे तर आपल्या शिरोलीच्या एमआयडीसीतल्या हॉटेलासारखं आहे, ह्यासाठी गोव्याला कशाला जायचं?’’ जोडप्याच्या सहलीत हा आक्षेप मी हिशेबाइतकाच वजनदार मानतो.

१८ जून रस्त्याच्या एका गल्लीतलं जुनं लॉज सर्वांत स्वस्त होतं. २,६०० रुपये रात्रीला. रस्त्याचं नाव १९४६ साली डॉ. लोहियांनी मडगावात फुंकलेल्या रणशिंगाच्या तारखेवरून आहे, आज मात्र तो काजू, कपडे आणि खाणावळींचा रस्ता. धक्क्यापर्यंत चालत आठ-दहा मिनिटं. इथे दोन गोष्टी अडल्या. एक, लॉजने पाठवलेल्या दरपत्रकात जीएसटी १२ टक्के लावला होता. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के झाला आहे. विचारल्यावर त्यांनी आकडा बदलला, ३६४ रुपये कमी झाले. जुनी पाटी तशीच राहिली असावी, पण विचारलं नसतं तर ती आपल्या बिलातही राहिली असती. दुसरी अडचण मोठी: खोली सोडायची वेळ सकाळी नऊ. जुन्या लॉजांत ही पद्धत अजून आहे. रात्री उशिरा जहाजावरून आलेल्या माणसाला सकाळी नऊला बॅग भरून खाली उभं करणं म्हणजे मुक्कामाचा अर्धा दिवस फुकट घालवणं. त्यांनी वेळ वाढवून द्यायला नकार दिला.

पाचवा पर्याय सां तोमेतलं घरगुती निवास. पणजीच्या मुख्य पोस्टाच्या मागचा हा भाग, मळ्याला लागून. पोर्तुगीजकालीन दुमजली घर, वरच्या मजल्यावर तीन खोल्या, खाली मालकीणबाई राहतात. ३,००० रुपये रात्रीला, नाश्ता वेगळा. जीएसटी नाही, कारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते. एकूण ६,०००. खोली सोडायची वेळ अकरा. धक्क्यांपर्यंत नदीकाठच्या उजेडाच्या रस्त्याने दहा मिनिटं. उणीव: लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि उभा, गाडी लावायला जागा नाही, आणि रात्री अकराला फाटक बंद.

शेवटचा पर्याय कॅसिनोच्या पॅकेजचा, खोली आणि प्रवेश एकत्र. एकच आकडा, डोक्याला ताप नाही. अनेकांना हे सोपं वाटतं आणि ज्यांना दोन्ही रात्री खेळायचंच आहे त्यांच्यासाठी ते ठीकही असेल. इथे एकच रात्र खेळायची होती. पॅकेजमधली दुसऱ्या रात्रीची किंमत कुठे दडलीय हे उलगडेना, तेव्हा आम्ही ते बाजूला ठेवलं.

निर्णयाचे दोन टप्पे

पर्याय सहा दिसत असले तरी खरी लढत पाटो आणि सां तोमे यांच्यातच होती. विजयराव पाटोच्या बाजूचे. त्यांचा मुद्दा फाटकाचा. ‘‘रात्री एकला येऊन दुसऱ्याच्या घराचं दार वाजवायचं? शोभतं का?’’ हा मुद्दा बरोबर होता. घरगुती निवासात राहणाऱ्यांना हा संकोच फार छळतो आणि संकेतस्थळावरच्या तारांकनात तो कुठे दिसत नाही.

म्हणून फोन केला. मालकीणबाईंना मी थेट विचारलं की पाहुणे कॅसिनोला जाणार आहेत, मध्यरात्रीनंतर येतील, चालेल का. त्या कोकणी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, ‘‘चालता हो. बाजूच्या दाराची चावी देतें. फक्त जिन्यावर चपला काढून चढा, खाली माझी सासू झोपता.’’ एका फोनने तीन हजारांचा फरक मिटला. पाटोसाठी जास्तीचे २,८२० द्यायचे ते फक्त चोवीस तास उघड्या काउंटरसाठी होते, आणि चावी मिळाल्यावर ते कारणच राहिलं नाही.

गाडीचं उत्तरही त्याच फोनवर मिळालं: पाटोला बहुमजली पार्किंग आहे, तिथे लावा आणि खाडीवरचा पूल ओलांडून चालत या. पणजीच्या गल्ल्यांत गाडी फिरवत जागा शोधण्यापेक्षा हे कधीही बरं.

दुसरा टप्पा कॅसिनोच्या रात्रीचा. रविवार की सोमवार? जहाजांचे प्रवेशदर शुक्रवार ते रविवार चढे असतात. त्यांना मिळालेले आकडे: रविवारी माणशी ३,५००, सोमवारी २,५००, दोन्हीत जेवण आणि पेय धरून. दोघांचे दोन हजार वाचत होते, म्हणून सोमवार. आकडा करासह आहे का, हे आधी विचारून घेतलं. ज्या २२ सप्टेंबरला खोल्यांवरचा जीएसटी उतरला त्याच दिवसापासून कॅसिनोवरचा २८ वरून ४० टक्के झाला, त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबून चालत नाही.

सोमवार ठरला, पैसे भरले, आणि मग वहिनींनी कॅलेंडर पलटलं. १ डिसेंबर, मोक्षदा एकादशी. त्या एकादशी मोडत नाहीत. म्हणजे पाच हजारांच्या पॅकेजमधलं निम्मं जेवण कुणी जेवणारच नव्हतं. कॅसिनोच्या माणसाला विचारून पाहिलं, एका ताटाचे पैसे कमी होतील का? तो हसला. त्याच्या नोकरीत हा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच आला असावा.

रविवारी बदलायचं तर वरून दोन हजार. वहिनी म्हणाल्या, ‘‘राहू दे. मी फळं खाईन. माझ्या वाटणीचं तुम्ही वसूल करा.’’

प्रत्यक्षात काय झालं

संकेश्वर-आजरा-आंबोली-बांदा असे ते रविवारी दुपारी चारच्या सुमारास पोचले. पाटोला गाडी लावली, बॅगा घेऊन पूल ओलांडला. जिन्याने अपेक्षेपेक्षा जास्त दमवलं, कारण वहिनींनी दोन दिवसांसाठी पाच दिवसांचं सामान घेतलं होतं. खोली उंच छताची, खिडक्यांना लाकडी झडपा, खाली गल्लीत पिवळ्या-निळ्या भिंती. त्यांना ती फोटोपेक्षा आवडली.

पहिला धक्का संध्याकाळी बसला. रविवारी पणजी झोपते. दुकानं बंद, मळ्यातली बरीच खाणावळं बंद, ज्या जागेची आम्ही यादी दिली होती तिथे कुलूप. कळंगुटला असते तर रात्री बारापर्यंत खायला मिळालं असतं, हे विजयरावांनी वहिनींना दोनदा ऐकवलं. शेवटी एका मोठ्या हॉटेलच्या उपाहारगृहात १,४०० रुपयांचं जेवण झालं, माशांची कढी ठीकठाक, बिल मात्र ठीकठाक नव्हतं.

सोमवारची सकाळ वहिनींची. आधी महालक्ष्मीचं देऊळ. अंबाबाईच्या गावाकडची बाई परगावी गेली आणि तिथे महालक्ष्मी असली तर ती आधी तिकडेच जाते, हे आखणीत धरलेलंच होतं. मग मळ्यातून मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, दुपारी खोलीवर येऊन झोप. हे ‘खोलीवर येऊन’ फार महत्त्वाचं ठरलं. खोली दहा मिनिटांवर असल्याने दिवसाचे दोन तुकडे पाडता आले. कळंगुटहून निघाले असते तर सकाळी निघालेलं माणूस थेट रात्री परत गेलं असतं, आणि कॅसिनोत शिरतानाच दमलेलं.

संध्याकाळी साडेसातला ते धक्क्यावर गेले. ओळखपत्र, वय २१च्या वर, आणि गोव्याचे रहिवासी नाहीत ना याची तपासणी. २०२०च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश नाही. विजयराव सँडल घालून निघाले होते, वहिनींनी बूट घालायला लावले, ते कामी आलं. लहान बोटीतून जहाजावर.

आत काय झालं ते थोडक्यात. विजयरावांनी रुलेटवर सुरुवातीला बाराशे मिळवले, मग तेही आणि बाकीचेही घालवले. अकराच्या सुमारास पाकीट रिकामं. वहिनींनी एकही चिप लावली नाही, कलिंगड आणि अननस खाल्लं, गाण्याचा कार्यक्रम बघितला आणि डेकवर जाऊन बसल्या.

आणि इथे जागेच्या निवडीचा खरा उपयोग झाला. पाकीट संपल्यावर विजयरावांसमोर दोन वाटा होत्या: कार्ड काढायचं किंवा निघायचं. त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं, ‘‘कार्ड हातात घेतलं होतं. पण ही म्हणाली, झोप आलीय, चला. आणि खोली तर तिथेच होती. काय कारण सांगणार थांबायला?’’ साडेअकराच्या बोटीने उतरले, बाराच्या आत खोलीवर.

कळंगुटला उतरले असते तर परतीची टॅक्सी दोन वाजता निघणार होती. परतीची गाडी दोनला ठरलेली असली की माणूस दोनपर्यंत टेबलापाशीच घुटमळतो, कारण दुसरीकडे जायला जागा नसते. अडीच तास आणि हातात कार्ड. त्याची किंमत कुठल्याच दरपत्रकात नसते, आणि मला विचाराल तर हॉटेलचं अंतर मोजताना किलोमीटरइतकंच हेही मोजावं.

रस्ता कसा होता हे मी मुद्दाम विचारलं. नदीकाठचा मार्ग उजेडाचा, गाड्या आणि माणसं भरपूर. पोस्टामागच्या गल्लीत वळल्यावर मात्र सामसूम आणि चार-पाच भटकी कुत्री. भुंकली, पुढे काही झालं नाही. एकट्या बाईला मी तो शेवटचा तुकडा रात्री दोनला पायी सुचवणार नाही.

मंगळवारी सहाच्या आधी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा गल्लीत वाजला. विजयराव वैतागले, वहिनी खिडकीतून खाली बघून गरम पाव घेऊन आल्या. त्या पावाशी भाजी, असं द्वादशीचं पारणं झालं. अकराला खोली सोडली, मंगेशीला दर्शन, मग चोर्ला घाटाने बेळगाव आणि महामार्गाने घरी.

हिशेब असा: खोली ६,०००. कॅसिनो प्रवेश ५,०००. डिझेल ३,६००. खाणं २,९००, त्यातले निम्मे रविवारच्या एका जेवणाचे. पार्किंग ३००, देवळं आणि किरकोळ ७००. एकूण १८,५००. चिप्सचे पाच हजार वेगळे, आणि ते गेले.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारचं जेवण. पणजीत रविवारी उतरणार असाल तर कुठली खाणावळ चालू आहे हे निघण्याआधी फोन करून विचारावं, किंवा वाटेत सावंतवाडीत पोटभर जेवून घ्यावं. आमच्या यादीत जागा चांगल्या होत्या, पण वारांची नोंद नव्हती. ती आता आहे.

मुक्काम सोमवार-मंगळवार केला असता तर हा प्रश्नच उरला नसता. पण मग बुधवारी ३ तारखेच्या फेस्ताच्या दिवशी पणजीतून बाहेर पडावं लागलं असतं. त्या बदलाबाबत मी तेवढा ठाम नाही.

सामान. लाकडी जिन्याचं घर निवडलं तर बॅग एका हाताने उचलता आली पाहिजे. गुडघ्याचा त्रास असलेल्या जोडप्याला मी हेच घर सुचवलं नसतं. त्यांच्यासाठी पाटोचे जादा २,८२० रुपये योग्य खर्च ठरले असते.

इफ्फीच्या आठवड्यातच जाणं भाग असेल तर? तेव्हा हिशेब उलटतो. पणजीत ५,५००ची खोली घेण्यापेक्षा मिरामारला किंवा पलीकडे पर्वरीला राहून परतीची टॅक्सी धरावी. मात्र टॅक्सीची वेळ साडेअकराचीच ठरवावी, दोनची नाही.

राहता राहिली एकादशी. विजयरावांचं अजूनही म्हणणं आहे की दोन हजार जास्त भरून रविवारीच जहाजावर जायला हवं होतं: रविवारच्या बंद खाणावळींची पीडा टळली असती, तिथेच जेवण झालं असतं आणि वहिनींचं ताटही वाया गेलं नसतं. आकडे मांडले तर त्यांचं बरंचसं खरं आहे. रविवारचं १,४००चं बाहेरचं जेवण वाचलं असतं, म्हणजे फरक फक्त सहाशेचा. तारीख ठरवताना आम्ही इफ्फी, दोन फेस्तं आणि दत्तजयंती सगळं तपासलं, पण कॅसिनोची रात्र निवडताना फक्त दरपत्रक बघितलं. वहिनींना हा युक्तिवाद मान्य नाही. त्यांच्या मते पाच तास गाडी चालवून आलेला माणूस त्याच रात्री जहाजावर गेला असता तर दमून चिडला असता, आणि चिडलेला विजय कार्ड नक्की काढतो. वीस वर्षांचा अनुभव त्यांचा आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे.